उद्यापासून नळी पूर्ण आत

३ नोव्हेंबर
हिच्या डोळ्याचं पुन्हा तेच. लाल रंग फिका दिसतो, पायाला मुंग्या. मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे शरीर आपल्याच नसांवर उठतं, हे आता मला पाठ झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुरामुळेच होतं असं ठाम सांगता येत नाही, पण हवा बिघडली की त्रास उलटतो असं दिसतं. धुरापासून जपा. मला हसू आलं. माझं गाड्यांचा धूर तपासायचं सेंटर आहे, म्हटलं. या भागातल्या निम्म्या गाड्या मीच पास केल्यात. इथली हवा चांगलीच असणार.

४ नोव्हेंबर
खिडकीच्या कठड्यावर काजळी. बाहेरगावच्या गाड्या, दुसरं काय. सगळ्या फटींना टेप लावली.

५ नोव्हेंबर
उकाड्याने हिचे पाय आणखी जड झाले. टेप काढली. धूर आला. टेप लावली. हिने तोंड फिरवलं. माझ्या कष्टांची कदर नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प. आजपासून तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये पूर्ण आत घालायची. ओळखीच्यांसाठी नुसती तोंडाशी धरायचो, हे खरं. पण त्याने मशीनही टिकतं.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
पहिलीच गाडी शाळेची. पोरं आत, परीक्षा तोंडावर. त्यांचं वर्ष वाया घालवू? पास. मग बेकरीवाला. मग घरमालक. घरमालकाला नापास करून राहायचं कुठे? उद्यापासून नक्की.

१० नोव्हेंबर
मेहुण्याची व्हॅन. नळी पूर्ण आत घातली, शपथ. लाल दिवा. मेहुणा म्हणाला, भाऊजी, ताईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागणार आहे. मुद्दा बिनतोड. शिवाय सख्खा भाऊ, बहिणीचं वाईट करेल का? नळी तोंडाशी धरली. हिरवा.

१४ नोव्हेंबर
हिचा उजवा पाय उचलत नाही. मोरीपर्यंत धरून नेलं. मला भीती वाटते. कोणाला सांगू? इथेच लिहितो. फार भीती वाटते. रस्त्यावरच्या धुराबद्दल उद्या तक्रार करणार, कडक भाषेत.

१५ नोव्हेंबर
तक्रार लिहिली. 'गाड्या डोळे झाकून पास करणाऱ्यांवर कारवाई व्हावी' हे वाक्य खोडलं. मग अर्जात फारसं काही उरलं नाही.

१७ नोव्हेंबर
आता दोन्ही पाय. मेहुण्याच्या व्हॅनमधून दवाखान्यात निघालो. सिग्नलला अडकलो. व्हॅनचा धूर तळातल्या भोकातून आमच्याच अंगावर. रुमाल ओला करून हिच्या नाकाशी धरला आणि मागच्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. समोर डॅशबोर्डवर माझं सर्टिफिकेट चिकटवलेलं. ही चांगल्या डोळ्याने बराच वेळ ते बघत होती. मग म्हणाली, "सही छान आलीय तुमची."
दवाखान्यात पोचलो. ॲडमिट केलं.

१९ नोव्हेंबर
पायात अजून जीव नाही. सकाळी तिच्या उशाशी बसून मनात शपथ घेतली. आता कोणीही येवो.
दुपारी शाळेची गाडी परत आली, मागच्या सर्टिफिकेटवर नंबर चुकला म्हणून नवं हवं होतं. पोरं नव्हती, परीक्षा नव्हती, घाईही नव्हती. नळी पूर्ण आत घातली. लाल. ड्रायव्हरने विचारलं, मशीन बिघडलंय का. मी म्हणालो, असेल.
नळी तोंडाशी धरली. हिरवा. सही केली. या वेळी छान आली नाही.