मकामाला परत

हलब, ५ रमजान

प्रिय विसालताईस रुश्दीचा सलाम, वि. वि.

बाबांच्या हृदयाने घात केलाय. डॉक्टर म्हणतात, ईद दिसली तरी अल्लाची मेहेरबानी समजा. गाणं बंद करा म्हटलं, तर म्हातारा हट्टाने रोज रोजा सोडल्यावर आलाप काढतो. तोही कसा? ज्या मकामातून, ज्या सुरांच्या घरातून निघायचं, कुठेही भटकून आलं तरी शेवटी त्याच मकामावर टेकायचं, हे त्यांनीच आपल्याला कान पिळून शिकवलं. आता स्वतः अगदी उंबऱ्यापर्यंत येतात आणि गप्प होतात. लहानपणी तिथून पुढचं तू घ्यायचीस, आठवतं ना?

तब्येत विचारायला आलेले जुने रसिक ताटकळतात. आलाप टेकल्याशिवाय उठायचं नाही, ही आपली रीत. काल अबू नाझिम म्हणाले, "उस्ताद, आम्हाला घरी तरी जाऊ द्या." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी हळूच तुझं नाव काढलं, तर उशी फेकून मारली. ताई, मला भीती वाटते. लवकर ये.

बाबांचे आशीर्वाद.

तुझा रुश्दी

किलिस, १७ रमजान

चि. रुश्दीस अनेक आशीर्वाद.

सरहद्द ओलांडायच्या परवान्यासाठी जाऊन आले. आपण गाण्यातल्या रागाला मकाम म्हणतो, पिराच्या दर्ग्याला म्हणतो. इथे तुर्कीत साहेबाच्या खुर्चीलाही मकामच म्हणतात. पीर निदान गाऱ्हाणं ऐकून तरी घेतो. या मकामाने मान वर न करता सांगितलं, हिवाळ्यानंतर या.

आणि बाबांचे आशीर्वाद तू पदरचे घालतोस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कल्हईवाल्या तुर्काशी निकाह लावला तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्या सुरात पुन्हा तोंड घालू नकोस." ते अजून सलतंय. मी नाक घासणार नाही.

ईदला सरहद्दीच्या तारेशी दोन्हीकडची माणसं भेटायला येतात. शिपाई घटकाभर डोळेझाक करतात. मी तिथल्या अंजिराखाली उभी राहीन. बाबांना आणता आलं तर आण. त्यांनी तोंड फिरवलं, तर मात्र हे माझं शेवटचं पत्र. तुझ्यावर राग नाही.

विसाल

हलब, ईदनंतरचा शुक्रवार

ताईस सलाम, वि. वि.

सुखरूप पोचलो. बाबा थकलेत, पण आहेत.

तारेशी त्यांनी तुला ना सलाम केला, ना हाक मारली. सरळ गायला लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नेहमीच्या जागी थांबले. तूही गप्प. शेवटी तू त्यांचीच लेक. शिपायाने शिट्टी फुंकली, माणसं मागे सरू लागली. बाबा पुढे गाणार नव्हते, मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. मग तू घेतलास सूर, आणि पार घरी आणून टेकवलास. त्या शिपायानेही तोंडातली शिट्टी काढून हातात धरली होती.

परतताना गावाच्या वेशीशी बाबा म्हणाले, "पोरीने शेवट घाईत घेतला. तिला लिही, पुढच्या ईदला नीट घे म्हणावं."

डॉक्टर पुढच्या ईदचं नाव काढत नाहीत. तू मात्र रियाज सोडू नकोस.

बाबांचे आशीर्वाद. हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहेत.

तुझा रुश्दी