आईसारखे बारीक टाके

मेलकावेरी, कुंभकोणम्

प्रिय गोमती,

पाकीट बघून दचकू नकोस. फोन हाताशी असताना अक्काला हे काय सुचलं, असं म्हणशील. अक्षरं एवढी ढोबळी काढली म्हणून हसशील, तर खुशाल हस. बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेलं मराठी लिहायची वेळ इथं येतेच कुठं? बोलायचं ते घरात, उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ. तू पुणेकरीण झालीस, तुला माझी भाषा पणजीच्या काळातली वाटणार. तशीच वाच.

आधी गोड बातमी. मी पुन्हा शिवायला लागले! आई गेल्यावर तिचा शिवणाचा डबा तूच माझ्या हातात ठेवलास, आठवतं? शाळेतून निवृत्त होईपर्यंत तो कपाटावर धूळ खात होता. या आषाढात खाली काढला. झाकण उघडताच वेखंडाचा वास आला आणि मी डबा मांडीवर घेऊन तिथंच बसले. आत तिचं पोचे पडलेलं पितळी अंगुस्तान, शिंपल्याची बटणं, आणि ती काळी कात्री. तिच्यानं तू कागद कापलास म्हणून तुला धपाटा बसला होता ना, तीच. तळाशी पंच्यात गुंडाळलेल्या कृष्णाच्या अंग्या. दर गोकुळाष्टमीला आई दिवाळीच्या साडीच्या ब्लाउजपिसातला उरलेला तुकडा घेऊन देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला अंगी शिवायची. देवाच्या कपड्याला यंत्र लावायचं नाही, सगळं हातानं. गेल्या वर्षीची उतरवलेली अंगी डब्यात जायची. एकही टाकलेली नाही.

अंगुस्तान माझ्या बोटात बेतल्यासारखं बसलं. काय सांगू गोमती, इतकी वर्षं मी या सुखावाचून राहिले तरी कशी! उशांचे अभ्रे शिवले, मध्वेशांच्या सदऱ्याला बटणं लावली, जी निघाली नव्हती ती बटणंसुद्धा काढून पुन्हा लावली. शिवता शिवता दूध उतू गेलं, तर ते म्हणाले, निवृत्तीनंतर बायको घरी मिळेल असं वाटलं होतं, ती डब्यात जाऊन बसली. गोकुळाष्टमीला मीच अंगी शिवली, मोरपंखी रेशमाची, लाल काठाची. शेजारच्या सुब्बलक्ष्मी मामी तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या सीडै घेऊन आल्या. त्यांनी अंगी उजेडात धरली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, काय बारीक टाके गं, अगदी आईचाच हात आलाय तुला! मी इतकी फुलले की त्यांना दोनदा कॉफी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळकृष्णाची उतरवलेली जुनी अंगी ठेवायला डबा उघडला. सहज सगळ्या अंग्या ओळीनं मांडल्या. कुठली कुठल्या दिवाळीची हे साड्यांच्या रंगांवरून कळतंच. सुरुवातीचे आईचे टाके तांदळासारखे एकसारखे, सरळ. मग तुझ्या लग्नानंतरच्या त्या आंब्याच्या रंगाच्या अंगीपासून ते लहान होत जातात. सुरुवात नीट, आणि पुढं पुढं बारीक होत काठाकडे चढत जातात. तुला आठवतं का, आपण सगळ्यांनी तेव्हा किती कौतुक केलं? वय वाढतंय तशी हातात जादू येतेय म्हणालो. तू तर एक अंगी सासूबाईंना दाखवायला पुण्याला घेऊन गेलीस. मग आईच्या हातातला कॉफीचा पेला वाटीत वाजायला लागला, मग कुंकू कपाळावर नीट लागेना, आणि तंजावूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव सांगितलं. त्या दिवशी अंग्यांची आठवण कुणालाच झाली नाही. आजार हातात शिरत होता आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

मी माझी अंगी शेजारी ठेवली.

माझे टाके कधीच बारीक नव्हते गं. गोणपाट शिवते आहेस का, असं आई म्हणायची. मी मुद्दाम बारीक घातले नव्हते. जुन्या धोतराचा तुकडा घेतला, मोठे टाके घालायचेच असं ठरवून बसले. पहिले मोठे पडले. वीतभर गेले तोवर ते आपोआप आक्रसले. दुसरा तुकडा घेतला, तेच. तेव्हापासून मला भीती वाटते. स्वस्थ बसले की उजव्या अंगठ्याकडे बघते, तो हलला असं वाटतं आणि हात पदराखाली घेते. मध्वेशांना सांगितलेलं नाही. ते म्हणतील उगाच काहीतरी, आणि मग माझ्या नकळत तेही अंगठ्याकडे बघत राहतील. मरणाची भीती नाही. आईला आपण चमच्यानं सारभात भरवायचो आणि ती नजर वळवून घ्यायची, त्या नजरेची आहे. गंमत बघ, शिवताना मात्र हात अगदी स्थिर असतो. म्हणून भीती वाटली की मी पुन्हा डबाच उघडते. दुसरीकडे जाणार कुठं?

या पत्रातली अक्षरं मोठी का, ते आता कळलं असेल. ओळीच्या शेवटी ती टाक्यांसारखी लहान झाली आहेत का, ते मी बघितलेलं नाही. तू बघ.

फोन केला नाही, कारण फोनवरून कापड पाठवता येत नाही. पाकिटात दोन अंग्या आहेत. दोन्ही मोरपंखीच, धुऊन, काठ कापून, उलट्या करून ठेवल्या आहेत, म्हणजे रंगावरून ओळखू येणार नाहीत. एक आईची, पेला वाजायला लागायच्या आदल्या वर्षीची. एक माझी. आईच्या मांडीशी बसून शिवण शिकलेली माझ्याशिवाय आता तू एकटीच आहेस. खिडकीपाशी जा, चष्मा लाव आणि नुसते टाके बघ. माझी कुठली ते ओळखू आलं, तर लगेच फोन कर आणि मला पोटभर हस. ओळखू आलं नाही, तर फोन करू नकोस गोमती. नुसती ये. डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर जाईन.

तुझीच,
अक्का