खुर्ची सोडायची नाही

४ फेब्रुवारी, बुधवार

अभ्यासमंडळ पुन्हा माझ्याच घरी. कामगार संघटनेतली पाच म्हातारी डोकी, त्यातली दोन झोपलेली. मास्तर – जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं – एकाच परिच्छेदावर तासभर अडून. मधेच बेल वाजली. हॉटेलांची पार्सलं घरोघर पोचवणारी एक बाई, पस्तिशीची, संघटनेचं नाव ऐकून आलेली. हेल्मेट काढायचं विसरून तशीच सोफ्यावर टेकली.

कंपनीने अ‍ॅपवरचं तिचं खातं बंद केलंय. गिऱ्हाइकाने हात धरला, तेव्हा ही पार्सल जिन्यातच ठेवून निघून आली. तक्रार त्याची घेतली गेली, हिची नाही. "भेटू तरी कुणाला? ऑफिसात नुसता वॉचमन. तोही दुसऱ्याच कंपनीचा."

मास्तर म्हणाले, "तात्त्विक प्रश्न असा, की दुचाकी तिच्या मालकीची आहे. मग ती कामगार ठरते का?"

म्हटलं, "चष्मा तुमच्या मालकीचा आहे, मास्तर. तुम्ही कारखानदार का?"

बाई हसली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की हेल्मेट अजून डोक्यातच आहे.

५ फेब्रुवारी

पाय सुजलेत. सून म्हणते, "आई, निवृत्त झालात ना? मग व्हा की एकदाच्या." तिचंही चुकत नाही, हाच ताप.

८ फेब्रुवारी, रविवार

संप झाला. म्हणजे, झाला नाही.

तिचं खातं उघडेपर्यंत भागातल्या सगळ्या रायडरांनी अ‍ॅप बंद ठेवायचं ठरलं होतं. नाक्यावर मीही खुर्ची टाकून बसले. ठरल्या वेळी सगळ्यांचे फोन बंद. आणि रायडर कमी पडले म्हणून अ‍ॅपने लगेच पार्सलमागचा भाव चढवला. मग एकेक जण पाठ फिरवून फोन चालू करायला लागला. कुणी कुणाकडे बघेना. अंधार पडेपर्यंत नाक्यावर मी, ती आणि एक कुत्रं.

त्याआधी फोन चालू करणाऱ्यांना तोंडाला येईल ते बोलून घेतलं मी. निघताना एक जण शांतपणे म्हणाला, "मावशी, उद्या तुमची पेन्शन थांबली तर?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि बसून राहिले.

९ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन. आवाज खोल गेलेला. "संपामुळे भाव चढतो, आणि चढलेला भाव संप मोडतो. पूर्वी मालकाला गुंड आणावे लागायचे. आता आपली गरजच ते काम करते. पुस्तकात याच्यावर काही सापडत नाही हो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुस्तक कमी पडल्याचं त्यांनी मान्य केलं. मला आनंद व्हायला हवा होता. वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी

भांडी विसळताना मी नोकरीला होते ते टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. साहेबांशी भांडण पेटलं तरी आम्ही ऑपरेटर बायकांनी खुर्ची कधी सोडली नाही. खुर्ची सोडली की तिथे दुसरी आणून बसवायचे. कानाला हेडफोन, गोड आवाजात "थांबा, जोडते" – आणि जोडायचंच नाही. ताठ बसणं आणि गोड आवाज ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची कृपा. त्यांना कळलं असतं तर प्रायश्चित्त दिलं असतं.

तिला बोलावून सांगितलं, "सगळ्यांनी अ‍ॅप चालूच ठेवा. पार्सल घ्या, आणि हॉटेलच्या दारातच बसून राहा."

ती म्हणाली, "म्हणजे अ‍ॅपला वाटणार, सगळे कामावर आहेत. भाव चढणार नाही!"

"नाहीच."

"मावशी, भलत्याच लबाड हो तुम्ही."

शेजारी बसलेले मास्तर लगेच, "याला तात्त्विक आधार..."

"तो सावकाश शोधा."

१५ फेब्रुवारी, रविवार

बसले! ओळीने, हॉटेलांच्या दारात, निवत चाललेली पार्सलं मांडीवर घेऊन. भाव जागचा हलला नाही. हॉटेलवाले फोनवर कंपनीच्या नावाने शंख करत होते.

सुनेचा फोन आला. "आई, आमचं जेवण अ‍ॅपवर केव्हाचं एकाच जागी दिसतंय. तुमचाच उद्योग ना?"

"हो. फ्रिजमध्ये सकाळची भाजी आहे."

पेन्शनचं विचारणारा माझ्याच शेजारी बसला होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली. कंबर मोडली आहे. झोपते.

१६ फेब्रुवारी

सकाळी तिचं खातं उघडलं. तिचं एकटीचं. काल बसलेल्या बाकी सगळ्यांची बंद.

दुपारी ती आली. फोन सारखा वाजत होता – अख्ख्या भागाची पार्सलं आता तिलाच, आणि भाव चढता. "घरी दोन पोरं आहेत, मावशी," एवढंच म्हणाली. मी "जा बाई" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिने फोन बंद केला.

"ते सगळे खाली उभे आहेत," म्हणाली. "वर बोलावू?"