आखाजीच्या आधीचं पारणं

॥ श्री ॥

जळगाव,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

प्रिय चेलना,

स. न. वि. वि.

डबा पोचला. अर्धे खाकरे मीच संपवले, आईंना सांगू नकोस. आज त्यांचा उपास, त्यांच्यासमोर कुरुमकुरुम खायला लाज वाटते, म्हणून गच्चीवर जाऊन खाल्ले. आपल्या घरातून रिकामा डबा परत जात नाही ही आईंची शिस्त तुला ठाऊकच आहे, तेव्हा यात शेवभाजीचा मसाला भरलाय. लसूण नाही, भिऊ नकोस. काकाजींच्या डाळमिलचा टेम्पो दर बुधवारी धुळ्याला येतो आणि पंडित ड्रायव्हर इमानाने डबे पोचवतो, म्हणून आपली पत्रं चालतात. फोनवर बोलायचं तर तिकडे तुझ्या सासूबाई कान देऊन बसलेल्या आणि इकडे आई. फार्मसी कॉलेजच्या होस्टेलवर दाराखालून चिठ्ठ्या सरकवायचो, त्यातलंच हे. तेव्हा तू माझी मैत्रीण होतीस. मग हट्टाने आपल्या भावाशी माझं लग्न लावून दिलंस आणि नणंद होऊन बसलीस. माझ्या कर्माची फळं, दुसरं काय!

आईंचा वर्षीतप छान चाललाय. एक दिवस कडकडीत उपास, नुसतं उकळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, तेही सूर्य मावळायच्या आत. मार्चपासून एकदाही चुकल्या नाहीत. पाणी उकळणं, ताट करणं, त्यांना प्रवचनाला जैन स्थानकात नेणं-आणणं सगळं मी करते आणि मनापासून करते. पण पारणं पुढच्या एप्रिलात, अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला. आईंचं पारणं होईपर्यंत जळगाव सोडणार नाही, असा नियम मी साध्वी महासतीजींसमोर हात जोडून घेतला, तोही तू कोपराने ढोसलंस म्हणून. त्या दिवशी भारावले होते. आता कधी कधी कॅलेंडरची पानं मोजत बसते.

कॅनडाच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज माझ्या नावावर होता, हे मी अजून येईल-जाईल त्याला ऐकवते. पदवी माझी, इंग्रजीच्या परीक्षेतले गुण माझे, कुशल कामगार म्हणून निवड माझी. संयम माझा नवरा म्हणून मागे बसून आला. सव्वा वर्ष तिथल्या औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून उभी राहिले, फार्मासिस्टच्या लायसन्सची पहिली परीक्षाही दिली. मग तुझ्या बाबूजींना लकवा झाला म्हणून संयमला तिथे ठेवून मी इकडे आले. त्यांची सेवा, मग त्यांचं जाणं, मग आईंचा गुडघा, मग हा तप. तिथे पाच वर्षांत दोन वर्षं प्रत्यक्ष राहावं लागतं, नाहीतर हातचं सगळं जातं. संयमला विचारलं की म्हणतो, मी बघतो. तू जरा खोदून विचार ना, तुझं ऐकतो तो. मला परत जायचंय, चेलना. पांढरा कोट घालून काउंटरमागे उभं राहायचंय, फार्मासिस्ट म्हणून.

लोभ असू दे, आणि खाकरेही येऊ देत.

तुझी,
विधी


॥ श्री ॥

धुळे,
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

प्रिय विधी,

स. न. वि. वि.

बिनलसणाची शेवभाजी म्हणजे बिननवऱ्याची वरात, असं आमचे हे म्हणाले आणि तीन वेळा वाढून घेतली. पुरुषांचं बोलणं कधी मनावर घेऊ नये.

दादाशी बोलले. तुझ्या कार्डावर फेब्रुवारी २०२७ तारीख आहे, तोपर्यंत कुणी हात लावत नाही, असं तो म्हणाला. तिथल्या सल्लागाराला विचारूनच सांगितलंय म्हणे. आखाजीला पारणं, मे महिन्यात विमान, आणि पुढे चांगले नऊ महिने हातात. तेव्हा उगाच डोक्याला भुंगा लावून घेऊ नकोस. तू नियम घेतलास म्हणून आई एवढा कठीण तप करायला धजली. तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे, हे तुला सांगायचं राहूनच जातं.

येती आखाजी दणक्यात करू. दर वर्षी निंबाला झोका बांधून आपण दोघी लहान पोरींना ढकलून बसतो, तसंच. आणि वर आईचं पारणं. उसाच्या रसाचा पहिला घोट तुझ्या हातून, दुसरा माझ्या. तोवर जरा कमी खा, फांदी जुनी आहे.

आईला नमस्कार. माया आहे तितकी राहू दे, त्यात भर पडली तर नाही म्हणणार नाही.

तुझीच,
चेलना


जळगाव,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

चेलना,

नमस्कार लिहायला हात वळेना, म्हणून नाही लिहिला.

कॅनडात माझ्याबरोबर काम करणारी सुलक्षणा दिवाळीला धरणगावला आली आहे. माझं माहेरही तिथलंच, पण मी नियमाने इथे बांधलेली. भाऊबीजेलासुद्धा माझा भाऊ पुनीतच इकडे ओवाळून घ्यायला आला. शेवटी सुलक्षणाच मला भेटायला आली. कधी निघतेस म्हणून तिने विचारलं. मी मे महिन्यात म्हटलं, तर तिने चहाचा कप खाली ठेवला. कार्डावरची तारीख नुसती कार्डाची असते, असं तिने सांगितलं. पाच वर्षं मोजतात ती विमानातून पहिल्यांदा उतरलो तेव्हापासून. माझी पुढच्या ऑक्टोबरात संपतात. राहायचे नऊ महिने अजून बाकी आहेत, म्हणजे मला या डिसेंबरात निघायलाच हवं. मे महिन्यात गेले तर काही उपयोग नाही. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, असंही ती म्हणाली. मी वेडी, संयमवर सोडून बसले होते.

संयमला फोन केला. आधी कनेक्शन खराब आहे म्हणाला. मग म्हणाला की त्याला माझ्याबरोबर राहायचं नाही, हे त्याचं केव्हाच ठरलंय. पण भांडण नको, कोर्ट नको, समाजात चर्चा नको. माझं तिथलं वास्तव्य आपोआप संपलं की कुणाला बोट दाखवायला जागा नाही. मी आईंजवळ राहावं, घर माझंच आहे. किती उपकार! आणि मी ओरडायला लागले तेव्हा तो म्हणाला, मला कशाला बोलतेस, चेलनाला सगळं मार्चपासून माहीत आहे. नियम द्यायची कल्पना तिचीच.

खरं आहे का हे? कोपराने ढोसलंस तेव्हा तुला माहीत होतं?

संयमचं मी एक वेळ समजू शकते. नवरे फिरतात, जगात नवीन नाही. पण तू? माझ्या पेपरच्या आदल्या दिवशी माझ्या केसांना तेल लावून देणारी तू? मी पहाटे उठून तुझ्या आईचं पाणी उकळत होते आणि तुम्ही दोघं भाऊबहीण माझी मुदत संपायची वाट बघत होतात. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, चेलना.

आणि वर मला जाताही येत नाही. फसवून घ्यायला लावलात, तरी नियम माझ्या तोंडून निघालाय. तो मोडला तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? आईंना काही सांगितलेलं नाही. उपासाच्या माणसाला कसं सांगू?

डब्यात तिळाच्या वड्या आहेत. त्या आईंनी भरल्यात, मी नाही.

विधी


धुळे,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय विधी,

तू नमस्कार लिहिला नाहीस, मी लिहिते. स. न. वि. वि.

खरं आहे. दादाने मला होळीच्या वेळी सांगितलं. मी त्याच्याशी भांडले, दोन दिवस जेवले नाही, हे तुला खोटं वाटेल. मग विचार आला, तू गेलीस तर आईचं काय? दादा येणार नाही. मी तिला इथे आणावं, तर ती जुन्या वळणाची. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घालत नाही. आणि माझ्या सासूबाई कशा आहेत ते तुला वेगळं सांगायला नको. तू आईजवळ असलीस की मला झोप लागते. स्वार्थ म्हण, खुशाल म्हण. मला असंही वाटलं की आईची सेवा बघून दादाचं मन वळेल आणि तुझं सगळंच नीट होईल.

एकच हात जोडून मागते. आईला सांगू नकोस. तिने तप मधेच सोडला तर त्याचं पाप तुझ्या माथी येईल. बाबूजींच्या घराचं नाव आहे, घरातलं घरात राहू दे. तुला तिथे काय कमी आहे गं? आई तर तुला माझ्याहून जास्त जपते.

राग ओसरला की चार ओळी लिही. वाट बघते.

तुझीच,
चेलना


॥ श्री महावीराय नमः ॥

जळगाव,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चेलनास आईचा आशीर्वाद. तो द्यावाच लागतो, म्हणून पहिला लिहिला. आता बाकीचं वाच.

पाचोऱ्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, अक्षर समजून घे. उपास करणाऱ्या बाईला दिवसभर काम नसतं, ती घरातल्यांची तोंडं बघत बसते. विधीचं तोंड मी पंधरा दिवस बघत होते. शेवटी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. तुला शिव्याही दिल्या. बरं केलं.

संयमला फोन केला, तर म्हणतो, आई, हे सगळं तुझ्यासाठीच केलं. माझ्यासाठी! मी कधी मागितलं? माझा तप म्हणजे तुम्हाला दाराचं कुलूप वाटलं, आणि परक्याची लेक आत कोंडायला तेच वापरलंत.

मी विधीला म्हटलं, तू नीघ. ती ऐकेना. आईंचं पारणं झाल्याशिवाय जळगाव सोडणार नाही म्हणाली. दोन दिवस समजावलं, पण हट्टी आहे. मग मी विचार केला, पारणं तर माझ्या हातात आहे.

सोमवारी माझा उपास होता. सकाळी पंडितला रसवंतीवर पाठवून उसाचा रस मागवला. पाटावर बसले, चांदीची वाटी पुढे केली आणि विधीला म्हटलं, घाल. तिने माझे पाय धरले, तुम्ही असं करू नका म्हणून रडली. मी तिला आजवर कधी दरडावलं नव्हतं, त्या दिवशी दरडावलं. तिच्या हातून रस घेतला. गळ्याखाली उतरताना मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. आठ महिन्यांचा तप होता. तुझे बाबूजी गेल्यापासून मनात धरला होता. तिचा नियम पुरा झाला आणि माझा मोडला. महासतीजी चातुर्मास संपवून पाचोऱ्याच्या रस्त्याला लागल्या आहेत, गाठ पडली की प्रायश्चित्त घेईन. पाप असेल ते माझ्या माथी, तिच्या नाही.

विधी शुक्रवारी निघते. पुनीत मुंबईपर्यंत सोडायला जातोय. संयमच्या दारात पाय ठेवू नको, सुलक्षणाकडे उतर, असं मी तिला बजावलं आहे. तिथलं राहणं तिने स्वतःच्या अकलेने कमावलं होतं, ते तिचं तिला मिळू दे. परीक्षा पास झाली की मला पांढऱ्या कोटातला फोटो पाठवणार आहे. माझी काळजी करू नको. शेजारची झुंबरबाई सोबतीला येऊन झोपते. पाणी मी उकळते, माझे हात मोडलेले नाहीत.

विधीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. मुलीच्या घरचं पाणी आई पीत नाही, असं तू लिहिलंस. एकदा विचारलं असतंस, चेलना, तर प्यायले असते.

येत्या आखाजीला माहेरी येऊ नको. पारणं होऊन गेलं, आता बघण्यासारखं काही राहिलं नाही. निंबाला झोका बांधणार नाही. माझं मन निवलं की मीच बोलावीन. कधी निवेल ते मला माहीत नाही.

तुझा डबा पंडितबरोबर पाठवते आहे. त्याने तो हलवून पाहिला आणि परत स्वयंपाकघरात आणून ठेवला. अक्का, आत काही घालायचं विसरलात, म्हणाला. मी म्हटलं, विसरले नाही. असाच ने.

आई