न्हाणीच्या दारावरच्या माश्या

आंजी (मोठी), ३ सप्टेंबर १९७८

ती. दादास, नलूचा शि. सा. न.

पाचवा महिना लागला. यंदा पोटातलं हालते रे दादा! मागच्या दोन्ही वेळा इथवर पोचलेच नव्हते.

पण माझ्या उशाशी देवळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. सासूबाई हरखल्या, कुंभारीण आली म्हणजे पाळणा हालते म्हणे. घरातल्या कोणत्याच माशीचं घर मोडायचं नाई, अशी आपल्या लेकाला, रूपरावांनाही ताकीद आहे. मला मात्र झोप नाई. लहानपणी गांधीलमाशी डसली नि माझा गळा बंद झालता, तू पाठीवर घेऊन पळालास. मोडू म्हटलं तर आधीचे दोन आठवतात.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कल पाठव.

तुझी नलू

नालवाडी, ६ सप्टेंबर

चि. सौ. नलूस, अ. उ. आ.

वेडाबाई, शाळेत मी हेच शिकवतो. कुंभारीण एकटी राहते. मातीचं इवलंसं मडकं करते, आत अंडं टांगते, बेशुद्ध केलेल्या हिरव्या अळ्या भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. राखण करत नाही. चिमटीत धरली नाहीस तर ती तुझ्या वाटेला जायची नाही.

गांधीलमाशीचं पोळं कागदासारखं, देठाला लटकलेलं, घरं उघडी, आणि वर पुष्कळ जणी बसलेल्या. ती राखण करते. माती की कागद, एक की अनेक, ते दुरून बघ. घरभर बघ. आणि उलट टपाली कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझा प्रभाकर

आंजी, ९ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

देवळीतली मातीची, एकटीच. आठ दिवस मी तिलेच भीत बसली! पण न्हाणीच्या दारावर, डोक्याच्या हातभर वर, कागदाचं पोळं आहे. पंधरा तरी बसल्या आहेत. मी रोज त्याखालून आंघोळीला जाते रे. सासूबाई त्यांना कुंभारणीच्या बहिणी म्हणतात.

आज तुझं पत्र त्यांना वाचून दाखवते. त्या नाई म्हणाल्या तर काय करू, हे मला ठाऊक नाई.

नलू

आंजी, १३ सप्टेंबर

प्रभाकरराव यांस देवकाबाईचा नमस्कार.

मी सांगून राह्यली, नलू लिहून राह्यली. तुमचं पत्र ऐकलं अन् त्याच सांजेले निंबाच्या पाल्याचा धूर करून पोळं जाळलं. रूपराव पुढं झालता. म्या म्हटलं, ठेवलं मी, काढीन बी मीच. नलूले शेजारच्या अनुसयाबाईच्या घरी धाडलं होतं. मले सहा डसल्या. उजवा हात भाकरीवानी फुगला, बाकी काई नाई.

तुमाले राग आला असन, तो खरा आहे. पण माहे बी रूपरावाच्या आधी दोन गेले. कोणाले सांगतलं नव्हतं; नलूले बी आत्ताच, लिहिता लिहिता समजलं. थांबली पाहा पोरगी. पाळण्याची वाट पाहून राह्यलेल्या घरातून मले कोणाच्याच लेकराले हाकलवलं नाई, मंग ते माशीचं का असेना.

देवळीतलं मडकं तसंच आहे. बाळंतपणाले पोरीले न्याले याल, तवा आमची न्हाणी पाहून घ्या. माया असू द्या, राग इथंच ठेवून जा.

देवकाबाई

ता. क. दादा, त्यांचा हात अजून उतरला नाई. चार दिवस झाले, घास मीच भरवते. — नलू