नववी सीडी, तिसरं गाणं

३ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. एक निर्णय डोकं ताळ्यावर ठेवून घ्यायचा आहे आणि घरात सल्ला द्यायला कोणी नाही. तसा मला सल्ला लागतही नाही.

प्रश्न असा. लोकगीतं गाणाऱ्या बाईंच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गाण्यांचा बॉक्स सेट निघाला आहे. चौदा सीडी, एक जाड पुस्तक, पुठ्ठ्याची पेटी, पेटीला कापडी फीत. दुकानदाराला किंमत दोनदा विचारावी लागली. एकदा धक्क्याने, एकदा तो पुटपुटतो म्हणून. हल्ली सगळेच पुटपुटतात. घ्यावा की नाही? महिनाभर सर्व बाजूंनी विचार करीन. भावनेच्या आहारी जाणार नाही.

४ ऑक्टोबर

पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'घ्यावा', उजवीकडे 'घेऊ नये'.

उजवी बाजू भराभर भरली. पहिल्या दोन सीडींत बाई कोवळ्या, घाबरलेल्या, आणि मागे कोणी हौशी माणूस व्हायोलिन कापतो आहे. शेवटच्या तीन सीडींत तीस वाद्यांचा ताफा. त्यातून बाईंचा आवाज शोधायला पोलीस बोलवावे लागतील. मधल्या चार माझ्याकडे कॅसेटवर आहेत. एकच गाणं 'वेगळं ध्वनिमुद्रण' म्हणून तीन-तीनदा घातलंय. शिवाय घरातला सीडी प्लेअर बंद.

डावीकडे एकच ओळ. नववी सीडी, तिसरं गाणं.

५ ऑक्टोबर, सकाळ

त्या ओळीबद्दल. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

नववी सीडी म्हणजे बाईंचा टाउन हॉलमधला कार्यक्रम. तेवीस वर्षं झाली. मी आणि ही पाचव्या रांगेत. तिसरं गाणं नावाड्याचं. दुसऱ्या कडव्यानंतर बाई ओळ विसरल्या. हॉल चिडीचूप. आणि त्या शांततेत ही हसली. एकटीच. हिचं हसणं बारीक, उंच पट्टीतलं. दाबायला गेली की आणखी यायचं. बाईंनी माइकवरून विचारलं, कोण हसलं गं ते? मग सगळा हॉल हसला, बाई हसल्या आणि त्यांना ओळ आठवली. मी तेवढा मान खाली घालून बसलो होतो. शरमेने. घरी पोहोचेपर्यंत हिच्याशी बोललो नाही.

हे सगळं रेकॉर्ड झालं, त्याची कॅसेट निघाली. पुढे आम्ही ती पाहुण्यांना ऐकवायचो.

ही जाऊन चार वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. कोणी व्हिडिओ काढायला लागलं की ही तोंडावर हात धरून आत पळायची.

कॅसेट मीच गेल्या वर्षी टाकून दिली. झिजली होती. बाईंचं गाणं ठणठणीत, हॉलचं हसणं ठणठणीत, फक्त हिचं हसणं पुसलं गेलं होतं. टेपचं असं होतं. नाजूक जागा आधी जातात. दहा-बारा वेळा लावून बघितली आणि मग रागाने कचऱ्यात टाकली.

एवढंच. यात भावनेचा काही संबंध नाही. ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचा प्रश्न आहे.

७ ऑक्टोबर, ऑफिस

टेबल नवीन, खुर्ची नवीन. सत्तावीस वर्षं मी पाणीपुरवठ्यात गळती शोधली. लोखंडी काठीचं एक टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला. जमिनीखाली पाइप फुटला असेल तर काठीतून बारीक सरसर ऐकू येते. तिथे खडूने फुली मारायची. मग फिटर खणतो. माझ्या फुलीखाली पाणी लागायचंच.

उन्हाळ्यात तीन फुल्या कोरड्या निघाल्या. तिसऱ्या वेळी अर्धा रस्ता खणला आणि पाणी सापडलं ते पलीकडच्या गल्लीत. जुन्या पाइपांचा आवाज पसरतो, हे साहेबांना कोण सांगणार? त्यांनी मला बढती देऊन तक्रार नोंदणीवर बसवलं. पगार तोच. काठी आता माझ्या जोडीदार फिटरकडे. हातात सदा पान्हा, म्हणून सगळे त्याला पान्हाच म्हणतात. वीस वर्षं माझ्या फुल्या खणल्या, आता स्वतः फुल्या मारतोय. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच.

तक्रारी फोनवर घ्यायच्या असतात. लोकांना धड बोलता येत नाही. मी त्यांना पत्र पाठवायला सांगतो.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

'नाही' असं ठामपणे सांगायला दुकानात गेलो. पेटी हातात घेतली. मागे छापलंय की मूळ रिळांवरून एकेक बारीकसारीक आवाज शोधून काढला आहे. हे महत्त्वाचं. कॅसेट झिजते, रीळ झिजत नाही.

दुकानदाराला म्हटलं, नववी सीडी एकदा लावून दाखव. तो म्हणाला, सील फोडलं की माल माझ्या गळ्यात पडेल. एकच पेटी उरली आहे, असंही म्हणाला. हा धंद्यातला जुना डाव आहे, मी फसणाऱ्यातला नाही.

पेटी दोन दिवस बाजूला ठेवायला सांगून आलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी येतो. तिच्या शहरातलं नेटवर्क दिवसेंदिवस बिघडत चाललंय. अर्धं वाक्य येतं, अर्धं वाटेत सांडतं. मी 'हो हो' म्हणतो, म्हणजे तिचा हिरमोड होत नाही. आज तीन वेळा 'हो हो' म्हटल्यावर ती वैतागली. मग ओरडून म्हणाली, बाबा, मी विचारलं की आज जेवायला काय केलं होतं.

मग तिचा नेहमीचा विषय. कान दाखवा. मी म्हटलं, या कानांनी अर्ध्या गावाचं पाणी वाचवलंय. आजकालच्या मुलांना फोन बदलायचा नसतो, बापाचे कान बदलायचे असतात.

बॉक्स सेटबद्दल तिला बोललो नाही. आई हा विषय निघाला की ती रडते आणि मला फोनवर रडणं ऐकू येत नाही, नुसती शांतता येते. मग मी हवापाण्याचं काहीतरी बोलत सुटतो.

१६ ऑक्टोबर

सीडी प्लेअर माळ्यावरून काढला. उघडला, पुसला, जोडला. दीड तास. स्क्रू तीन उरले. चालू आहे, पण आवाज फार कमी. पूर्ण वर नेला तेव्हा कुठे जमलं. जुनं यंत्र, थकलं असणार.

सीडी प्लेअर दुरुस्त झाला याचा अर्थ बॉक्स सेट घेणार असा नाही.

१९ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड मास्तरीण राहते. जिन्यात अडवलं. म्हणाली, तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या मी माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकते, माझा टीव्ही बंद करून टाकलाय. शिवाय म्हणाली, चार दिवसांत तीन वेळा तुमची बेल वाजवून परत गेले. मी सांगितलं, बेल बिघडली आहे. ती म्हणाली, बाहेर तर चांगली वाजते.

नवीन बेल बसवली. तीही तसलीच निघाली. हल्ली मालात दम नाही.

मास्तरीण मात्र एकटी आहे, म्हणून उकरून भांडते. एकटेपणाने माणूस तिरसट होतो. मी हे तिच्यात स्पष्ट पाहिलं.

२५ ऑक्टोबर

दुकानात सहावी फेरी. दुकानदार आता मला पाहिल्यावर खुर्ची देतो. आज शेवटचं 'नाही' सांगायचं ठरवून गेलो होतो. कारणांची उजवी बाजू चौदा ओळींची झाली आहे, दर सीडीला एक. डावी बाजू अजून एकच.

दुकानदार म्हणाला, एका गिऱ्हाईकाने फोन करून ठेवलाय, संध्याकाळी घेऊन जाईन म्हणून.

घेतला.

भावनेच्या आहारी गेलो नाही. वस्तू दुर्मिळ होणार, पुढे किंमत वाढणार. ही एक गुंतवणूक आहे.

२६ ऑक्टोबर, दुपार

आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. सीडी ऐकायला इस्त्रीचा शर्ट कशाला, ते माहीत नाही. हिची खुर्ची बैठकीत आणून ठेवली होती, मग बरं दिसेना म्हणून परत आत नेली. लेकीच्या फोनला उद्या कर म्हटलं.

नववी सीडी. तिसरं गाणं. पहिलं कडवं. दुसरं कडवं. बाई थांबल्या. शांतता. आणखी शांतता.

मग बाईंनी विचारलं, कोण हसलं गं ते?

कोणीच हसलं नव्हतं.

नऊ वेळा लावलं. हॉल हसतो, बाई हसतात. ज्यावर हसतात ते तेवढं नाही. इंजिनिअर लोकांनी 'गोंगाट' समजून हिला पुसून टाकलं. प्रेक्षकांचं खोकणं साफ करताना हीही साफ झाली.

आज काहीही सुचत नाही. फार एकटं वाटतंय. वहीत लिहायला काय जातं.

२७ ऑक्टोबर

रागाचं पत्र कंपनीला. चार पानं. शेवटचं वाक्य चांगलं जमलं: 'प्रश्न तुम्ही ठेवलात, कारण काढून टाकलंत.' पेटी परत घ्या आणि मूळ रीळ मला स्वतः येऊन ऐकू द्या, अशी मागणी. सत्तावीस वर्षं ऐकण्याच्या धंद्यात असल्याचा उल्लेख ठळक केला आहे. टपालात टाकण्याआधी एकदा खात्री म्हणून पुन्हा ऐकेन. पुरावा पक्का हवा.

१ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

पुरावा पक्का करत होतो. आवाज पूर्ण वर. मान वळवली तर मास्तरीण बैठकीत उभी. म्हणाली, बेल वाजवली, दार वाजवलं, मग ढकललं. दार उघडंच होतं.

मी म्हटलं, तक्रार नंतर करा. ती म्हणाली, तक्रार करायला आले होते, पण जिन्यातच थांबले. मधेच ती बाई हसते ना, ती कोण हो? काय गोड हसते. ऐकून मलाच हसू आलं.

मी विचारलं, कुठली बाई. ती म्हणाली, ती काय, गाणं थांबतं तेव्हा. मी म्हटलं, तिथे कोणी हसत नाही. ती म्हणाली, अहो, खालपर्यंत ऐकू येतं.

पुन्हा लावलं. तिला सांगितलं, हसली की बोट वर करा. बाई थांबल्या. शांतता. मास्तरणीचं बोट वर गेलं, वर्गात मुलं करतात तसं. मग ते वरच राहिलं, कारण हसणं थांबत नव्हतं. मग बाईंनी विचारलं, कोण हसलं गं ते?

आणखी तीन वेळा. दर वेळी बोट त्याच जागी.

 मी मास्तरणीला सांगितलं, ती कोण. ती बसली. मी चहा केला, साखर घालायची राहिली, ती तसाच प्यायली.

कंपनीचं पत्र फाडलं.

११ नोव्हेंबर

कान दाखवले. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन देतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी भराभर दाबलं. डॉक्टर म्हणाले, आवाज नसतानाही बऱ्याचदा दाबलंत. मी म्हटलं, सवय आहे, फुली मारायची.

आलेख दाखवला. रेघ सरळ येते आणि मग कड्यावरून पडते. जाड आवाज शाबूत आहेत: पंप, ट्रक, माझा स्वतःचा. बारीक गेले: बेल, चिमण्या, पाइपातली सरसर, बारीक हसणं. रस्त्यावर मारलेल्या त्या तीन फुल्या पाइपांनी चुकवल्या नव्हत्या. पान्ह्याला उद्या भेटेन. काठी कशी धरायची ते त्याला येतंच, तरी सांगेन.

कधीपासून गेले, विचारलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जातं, सात-आठ वर्षं तरी झाली असतील.

बसमध्ये हिशोब लागला. ही जाऊन चार वर्षं. म्हणजे शेवटची तीन-चार वर्षं ही घरात हसत असणार. मला वाटायचं, आता हिला माझ्या कशाचंच हसू येत नाही. त्यावरून मी रुसलो होतो. एक अख्खा हिवाळा धड बोललो नव्हतो. तिने किती वेळा विचारलं, काय झालं. मी म्हणायचो, काही नाही.

आणि कॅसेट चांगली होती. पुसलं गेलेलं काहीच नव्हतं. मी ती चांगली कॅसेट फेकून दिली.

लेकीला रविवारची वाट न पाहता फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता होती. या वेळी मी हवापाण्याचं बोललो नाही, थांबलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कानातलं यंत्र तीन आठवड्यांनी येईल. त्यातून हसणं हसण्यासारखंच ऐकू येईल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, सवय करावी लागते.

बॉक्स सेटबाबत निर्णय: व्हायोलिन वाईट, ताफा वाईट, तीच गाणी तीन-तीनदा. घेण्यासारखा आहे.

चार वाजता मास्तरीण आली. साखर स्वतः घालून घेतली. नववी सीडी लावली. मी बाईंकडे लक्षच दिलं नाही, तिच्या हाताकडे बघत बसलो. दुसरं कडवं संपलं, शांतता झाली, बोट वर गेलं. आज मान खाली घातली नाही. मीही हसलो.