दोन कप मैद्याचं नेमकं वजन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकूनच करणार होतो, पण परवापासून कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इथे ओव्हन सोडून सगळे खुशाल.

तुझी भाची दोन वर्षांनी या रविवारी घरी येते आहे, हे तुला ठाऊक आहेच. फोनवर म्हणाली, "बाबा, आत्याचा चॉकलेट केक खायचाय." मी म्हणून बसलो, "त्यात काय, मी करतो!" आता बापाचा शब्द आहे, मागे घेता येत नाही.

तुझी कृती काढली. ताई, तू वडीलधारी, पण लिहिलंस काय? दोन कप मैदा, दीड कप साखर! तेवीस वर्षं मी लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतो (शिकवलं कुणीच नाही, उघडून बघत शिकलो), आणि घरात मोजमाप कपाने? सोनाराकडे जाऊन मूठभर सोनं मागण्यातला प्रकार. म्हणून ठरवलं, तुझ्या सगळ्या कपांचे एकदाचे ग्रॅम करून टाकायचे. कपभर पाणी दोनशे चाळीस ग्रॅम भरलं. पण म्हणून कपभर मैदाही तेवढाच, असं मानणारा मी अडाणी नव्हे. प्रत्येक जिन्नस वेगळा तोलला. मैदा भरला, कप ओट्यावर आपटला, अंगठ्याने दाबला, वर पुन्हा भरला. मापात पाप आपल्याला खपत नाही. आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर.

केक झाला. सुरीचं टोक वाकलं. भांडं उचलताना कंबरेत कळ आली ती अजून आहे. तुझी भावजय म्हणाली, "दार वाऱ्याने आपटतं, तिथे लावून ठेवा." (वजन मात्र माझ्या हिशोबाबरहुकूम भरलं, हे नोंदवून ठेवतो.)

मग तोच मैदा चाळून अलगद कपात पडू दिला, तर एकशे सोळा! चमच्याने भरला, तर एकशे अठ्ठावीस! कप तोच, मैदा तोच, आणि वजनं तीन. मला वाटलं, काटा बिघडला. प्रमाणित वजनं ठेवून सात वेळा तपासला. काटा बरोबर होता. ताई, काटा बरोबर आणि मी चूक, असं या घरात पहिल्यांदाच घडलं. दोन घास कमी जेवलो.

एकशे सोळाच्या हिशोबाने दुसरा केक केला. तो मधोमध खचला. भावजय म्हणाली, "पहिला यात बसवून बघा, नेमका बसेल." (बसला.)

सोबत एक्केचाळीस जिनसांचा तक्ता जोडला आहे. प्रत्येक जिन्नस चाळलेला, सैल आणि दाबलेला असा तीन रकान्यांत. इतकं अचूक काम तुला कुठे मिळायचं नाही.

तुझा काटेकोर भाऊ

ता. क. : शनिवारी सकाळी येऊन केक करून देशील का? तक्ता वापरला नाहीस तरी चालेल. पोरीसमोर मात्र 'मी नुसती शेजारी उभी होते' म्हणायचं.

ता. क. दुसरा : भावजयीने खांद्यावरून हे वाचलं. म्हणते, पहिल्या केकच्या दिवशीच तिने तुला फोन केला आणि तू तिकीटही काढलंस! मग हे टपालात टाकत नाही, दारातच हातात देतो. उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या वाच, पहिला ता. क. पाठ कर, आणि मगच आत ये.